जाहिरात आपल्यालाच का दिसते?

टूथपेस्ट कुणाला विकायची आणि कुठल्या पलटणीचं मन खचवायचं, हे ठरवण्याची रीत एकच: आधी माणसांचे गट पाडा, मग कोण बधेल ते हेरा. फेसबुकवरची माहिती परवानगीविना वापरल्यावरून २०१८ मध्ये बदनाम झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीची मूळ कंपनी एससीएल ब्रिटिश संरक्षण खात्याचीही कामे घेत असे. भारतात केंब्रिज ॲनालिटिकाशी जोडलेलं, फेसबुकवरचं स्वभावचाचणीचं ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. पण मित्रयादीतून साडेपाच लाखांहून अधिक जणांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. म्हणजे चाचणी दिली शेजाऱ्याने, कुंडली निघाली आपली! निवडणूक आयोगाने निदान प्रचाराच्या जाहिरातींपुरती तरी, मतदार कोणत्या निकषांवर निवडले हे जाहीर करण्याची सक्ती करावी.

– एक वाचक, ठाणे