पॅकेजमधल्या डायव्हिंगला ‘नको’ म्हणायची मोकळीक द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात सहलींच्या जाहिराती वाढतात. अंदमान, मालदीव, गोवा, तारकर्ली. समुद्रकाठचा रिसॉर्ट, राहणे-खाणे-पिणे सगळे एकाच रकमेत, आणि वर ‘स्कूबा डायव्हिंगसह’, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्यासह. नागपूरहून कुठलाही समुद्र जवळ नाही. त्यामुळे एकदा पैसे भरले की पुढे कशाची काळजी नको, असे लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः डायव्हिंग शिकले आहे. स्वराजद्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या पाण्यात पोपटमासे प्रवाळ कुरतडत असताना होणारा आवाज मी ऐकला आहे. विदर्भातल्या जास्तीत जास्त लोकांनी ते जग पाहावे, असे मला मनापासून वाटते.

पण मी कान-नाक-घशाची डॉक्टरही आहे, आणि सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. गेल्या हिवाळ्यात वाडीचा एक तरुण आला. म्हणाला, “मॅडम, डाव्या कानाने ऐकूच नाही येऊन राहिलं.” तपासले तर पडद्यामागे रक्त साचलेले. पाण्यात उतरण्याआधी सर्दी होती का, असे विचारले. होती. मग उतरलात कशाला? “पैसे तर भरून झाले होते ना.” हेच उत्तर मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे, आणि माझे सगळे म्हणणे या उत्तराबद्दलच आहे.

पाण्यात १० मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो आणि पडद्यामागच्या पोकळीतली हवा निम्म्या जागेत दबते. पुढच्या १० मीटरमध्ये दाब वाढतो, पण हवा आकसण्याचे प्रमाण कमी असते. म्हणजे कानाला सर्वांत जास्त त्रास होतो तो उथळ पाण्यात. “आम्ही फार खोल नेतच नाही” या आश्वासनाला कानाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. कान आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की तिच्यातून हवा कानात जाते आणि दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधी, खाली जाताना पुन्हा पुन्हा करायचे असते. साधारण सव्वा मीटरइतक्या पाण्याच्या दाबाचा फरक साचू दिला की नळीचे तोंड दबून बंद होते आणि मग कितीही फुंकले तरी उघडत नाही. तेव्हा जोर लावणारा माणूस आतल्या कानाचा नाजूक पडदा फाडून घेऊ शकतो. त्यातून चक्कर, कानात सतत आवाज आणि कधी कायमचा बहिरेपणा येतो. सर्दीत ही नळी आधीच सुजलेली असते. नाकात थेंब टाकून उतरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. थेंबांचा असर पाण्याखाली असतानाच उतरला, तर वर येताना कानातली हवा अडकते.

म्हणून डायव्हिंगचा पहिला शिष्टाचार असा आहे की कुणीही, कुठल्याही क्षणी, कारण न सांगता ‘आज नको’ म्हणू शकतो आणि त्याला कुणी काही बोलत नाही. शिकवणारे चांगले प्रशिक्षक हे आवर्जून सांगतात. सगळे काही एका रकमेत बांधलेल्या सहलीत नेमका हाच हक्क नाहीसा होतो. न उतरलेल्याचे पैसे बुडतात, गटातले लोक हसतात, बायको म्हणते एवढ्या लांब आलोच कशाला. ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरायचे नाही हा नियम आपण निमूट पाळतो, कारण तिथला धोका डोळ्यांना दिसतो. पाण्याचा दाब कुणाला दिसत नाही.

आरोग्याच्या फॉर्मबद्दलही बोलायला हवे. उतरण्याआधी एक प्रश्नावली भरून घेतात: दमा, फिट्स, हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भधारणा. एखाद्या उत्तराला ‘हो’ असेल तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते. फॉर्म चांगला आहे. पण तो हातात पडतो किनाऱ्यावर, लाइफ जॅकेट चढवताना, इंग्रजीत. तिथे डॉक्टर कुठून आणायचा? मग सगळ्या चौकटींत ‘नाही’ची खूण होते. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात डायव्हिंगचा निर्णय तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय घेऊच नये. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कुटुंबाला सहल विकताना हा प्रश्न नागपुरातल्याच टेबलावर विचारला गेला पाहिजे.

दुसरा घोळ परतीच्या दिवसाचा. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात घेतली की रक्तात आणि पेशींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसले तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, क्वचित लकवा. सर्वमान्य नियम असा की एकच साधी डाइव्ह असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास थांबायचे. बरेच प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात. आणि मी जी सहलपत्रके पाहिली त्यांतल्या काहींत स्कूबा ठेवलाय शेवटच्या दिवशी सकाळी, विमान दुपारी! अंदमानहून नागपूरला यायचे म्हणजे चेन्नई, कोलकाता अशा एखाद्या शहरात उतरून दुसरे विमान धरायचे. दिवसभराच्या प्रवासात दुखू लागले तर माणूस ते दगदगीवर ढकलतो आणि घरी येऊन झोपतो.

हा नियम फक्त विमानाचा नाही. साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला तो लागू होतो. मालवणहून आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरणारे कितीतरी नागपूरकर आहेत, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणला पर्यटकांना चार-पाच मीटरच नेत असतील तर नायट्रोजनचा धोका फार कमी, हे प्रामाणिकपणे सांगते. तिथे काळजी कानाची. पण प्रशिक्षण घेऊन दिवसाला दोन-तीन डाइव्ह करणाऱ्यांनी गाडी थेट घाटात घालू नये.

रिसॉर्टमध्ये दारू फुकट असते, म्हणून एवढेच: आदल्या रात्री प्यायलेल्याने सकाळी पाण्यात उतरू नये. शरीर कोरडे पडलेले असते आणि डोके जागेवर नसते.

सहल आयोजकांना माझी विनंती साधी आहे. डायव्हिंगचे पैसे वेगळे दाखवा आणि पाण्यात पाय टाकेपर्यंत ते परत मिळतील, निदान दुसऱ्या कशात वळते होतील, असे पावतीवर लिहा. डायव्हिंग सहलीच्या पहिल्या दिवसांत ठेवा. आरोग्याचा फॉर्म बुकिंगच्या वेळी द्या, म्हणजे डॉक्टरकडे जायला वेळ मिळेल. जवळचे रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे माणसाला पुन्हा जास्त दाबात ठेवून उपचार करायची बंद खोली, कुठे आहे ते विचारून ठेवा, कारण नायट्रोजनच्या त्रासावर खरा इलाज तिथेच होतो. ग्राहकांनीही विम्याची पॉलिसी नीट वाचावी, अनेकींत साहसी खेळ वगळलेले असतात. आणि ‘पोहता येत नसले तरी चालेल’ या ओळीवर जाऊ नये. रीतसर प्राथमिक अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे करून दाखवावे लागते, ते उगीच नाही.

त्या प्रश्नावलीतले सगळे मुद्दे मी मराठीत लिहून काढले आहेत. शहरातल्या कुठल्याही सहल आयोजकाला ते कागद हवे असतील तर विनामूल्य देईन, आणि डिसेंबरमध्ये निघणाऱ्यांचे कान तपासायला शनिवारी दुपारी वेळ राखून ठेवते आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. विचारणाऱ्याला तो जरूर द्यावा.

आपली,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ
धरमपेठ, नागपूर