ब्रेक पॅड बदलायला शिकवणाऱ्या शेजारच्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. तेही उघड, म्हणजे चार लोकांच्या उपयोगी पडेल. गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून झाले, गाडी व्यवस्थित थांबते. तुम्ही शेजारी उभे होतात, पण पाना एकदाही हातात घेतला नाहीत. पहिले आभार त्याबद्दल.

ब्रेक दाबला की येणाऱ्या त्या बारीक किंचाळण्याबद्दल मी सांगितलं, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत की आवाज सकाळी पहिल्या चार ब्रेकलाच येतो की दिवसभर? रात्री पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लावताना दोन पॅड दोन्हीकडून दाबतात त्या लोखंडी चकतीवर, गंजाचा पातळ थर धरतो, तो थोडं चालवल्यावर घासून निघतो. त्यासाठी चाक खोलायचं कारण नाही. माझा आवाज दिवसभर होता. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, झिजून दोन-तीन मिलीमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. म्हणजे तो आवाज बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला! घाबरायचं ते जाड खरखरीला, असंही तुम्ही बजावलंत. ती आली की अस्तर संपलेलं असतं आणि मागची लोखंडी पट्टी डिस्क खात असते. मग गाडी जागची हलवायची नाही.

ब्रेक ऑइलचं तर मला फारच आवडलं. ऑइलच्या डबीतली पातळी खाली दिसत होती, पण तुम्ही भरू दिलं नाहीत. पॅड झिजत जातो तसा त्याला डिस्कवर दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा डबीतलं ऑइल भरून काढतं. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल परत वर चढतं. आधीच काठोकाठ भरलं असतं तर सांडलं असतं, आणि ते रंगावर पडलं की रंग सोलून काढतं. आणि पॅड जाड असूनही पातळी खाली असेल तर कुठेतरी गळती आहे, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

मग चाक. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना अडण लावायची, जॅकने उचललं की खाली स्टँड द्यायचा. "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही," हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की शेवटी मला हसू यायला लागलं.

चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं होतं तेव्हा पॅड निम्मा तरी शिल्लक दिसत होता. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, वर उचलल्यावर आतला पॅड हातात आला, आणि त्यावर अस्तर जेमतेम दोन मिलीमीटर, तेही एका टोकाला आणखी पातळ. बाहेरून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड! दुसरं कुणी असतं तर "चला, नवे टाका" म्हणालं असतं. तुम्ही मला दोन्ही गाइड पिना, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दांड्या, ओढून बघायला लावल्यात. वरची सुळकन आली. खालची कोरडी, तांबूस, पिळत पिळत काढावी लागली. तीच अडकल्यामुळे कॅलिपर नीट सरकत नव्हता आणि सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. पिन पुसून तिला उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, रबरी टोपी जागेवर बसवली, मगच नवे पॅड. ती पिन तशीच राहिली असती तर नवा पॅडही तसाच गेला असता.

बाकीचं भराभर सांगते. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधला. डबीचं झाकण उघडून, जुना पॅड मध्ये धरून, सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) पिस्टन हळूहळू आत दाबला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून तिच्याशी ताडून पाहिली. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरी खोलली नाही, म्हणजे अडलं तर बघायला नमुना राहतो. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळले. आणि इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहिले. हे राहिलं तर पहिलाच ब्रेक तळाला जातो, गाडी थांबत नाही.

मागच्या ब्रेकना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. तिथे हँडब्रेक कॅलिपरमध्येच आहे, पिस्टन दाबून नाही तर फिरवून आत घालावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला न्यावा लागतो. "ते गॅरेजवाल्याला करू दे," म्हणालात. शिकवणाऱ्याने कुठे थांबायचं तेही सांगावं, असं मला फार वाटतं.

नवे पॅड डिस्कवर नीट रुळावेत म्हणून तुम्ही सांगितलंत तसे ब्रेक मारतेय: मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत. चाकांचे नट थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासले.

तुमचा सी-क्लॅम्प अजून माझ्याकडेच आहे. वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या गाडीतून तसाच आवाज येतोय, तेव्हा आणखी आठवडाभर ठेवते. चालेल ना?

तुमची,
शेजारीण