मित्रास पत्र: छप्पर नसलेल्या कोर्टावरचा संघ

५ ऑगस्ट २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर पॅरिस ऑलिंपिकमधल्या दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघाबद्दल तू म्हणालास, "अरे, तीनपैकी दोन सामने हरले आणि घरी गेले. त्यात एवढं काय?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. सर्बियाविरुद्धचा सामना मनातून गेला नव्हता आणि गळा दाटून आला होता. म्हणून आज शांतपणे लिहायला बसलोय. दक्षिण सुदान हरलं असं इतक्या सहज म्हणू नकोस रे. निदान तू तरी.

आपण दोघं ज्या सिमेंटच्या कोर्टावर खेळलो ते आठव. पाऊस पडला की बॉल टप्पा घेऊन उसळायच्या ऐवजी घसरायचा. वारा सुटला की लांबून मारलेला बॉल रिंगच्या कडेला लागून बाहेर जायचा. पडलो की गुडघ्याचं सालपट निघायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जखमेवर पुन्हा पडायचो. आता असं समज की अख्ख्या देशात कोर्टं आहेत ती अशीच, उघड्यावरची. राष्ट्रीय संघाला सराव करायला देशात छपराखालचं एकही कोर्ट नाही. दक्षिण सुदानची ही गत आहे आणि त्यांचा संघ ऑलिंपिकला खेळून आला. ते आपल्यासारखे फावल्या वेळात खेळत नव्हते, अमेरिकेच्या लेब्रॉन जेम्ससमोर खेळत होते.

तो देशच मुळात तेरा वर्षांचा. जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झालं, जवळजवळ ९९ टक्के लोकांनी सुदानपासून वेगळं व्हायचं ठरवलं आणि ९ जुलैला झेंडा फडकला. त्याआधी यादवीत कैक वर्षं गेली होती. नंतरही सुख नाही, २०१३ च्या डिसेंबरात आपसातच युद्ध पेटलं. त्यामुळे आजच्या संघातल्या मुलांच्या कहाण्या ऐकल्या की प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्याच देशाचं नाव येतं. नुनी ओमोट केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मला. वेनेन गॅब्रिएलचा जन्म खार्टूमचा. तान्हा असताना घरचे त्याला घेऊन इजिप्तला गेले आणि तिथून अमेरिकेला. बुल कुओलचं लहानपण काकुमाच्या छावणीत गेलं, पुढे तो ऑस्ट्रेलियात वाढला. मायभूमीबाहेर वाढलेली ही पोरं एका जर्सीसाठी एकत्र आली. कार्लिक जोन्स अमेरिकन आहे, तो त्यांचा कसा, असं तू विचारशील. नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला नागरिकत्व दिलेला असा एक खेळाडू घेता येतो आणि तो अगदी जीव तोडून खेळला. मला तरी तो त्यांच्यातलाच वाटतो.

हे सगळं जुळवलं लुओल डेंगने. हा माणूस मला फार मोठा वाटतो. वाऊ शहरात जन्म, युद्धामुळे कुटुंब इजिप्तला पळालं. तिथे त्याला मनूट बोल भेटला. तोच तो सात फूट सात इंचांचा बास्केटबॉलपटू मनूट बोल, ज्याचा फोटो आपण मासिकातून कापून वहीत चिकटवला होता. त्याने डेंग भावंडांना खेळ शिकवला. डेंग पुढे लंडनला गेला, अमेरिकेत शिकला, तिथल्या एनबीए लीगमध्ये दोनदा ऑल-स्टार, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनकडून खेळला, कारण स्वतःचा म्हणावा असा संघच त्याच्यापाशी नव्हता. २०१९ मध्ये तो दक्षिण सुदानच्या बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला आणि विमानाची तिकिटं, हॉटेल, सरावासाठी भाड्याची जिम, यांना स्वतःचे पैसे घातले. प्रशिक्षक म्हणून रॉयल आयव्हीला आणलं. २०२१ मध्ये संघ पहिल्यांदा आफ्रिकेच्या मुख्य स्पर्धेत उतरला आणि दोन वर्षांत विश्वचषकात पोचला.

विश्वचषकात, मनिलाला, पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोने त्यांना जादा वेळेत हरवलं, १०१-९६. मग त्यांनी चीनला ८९-६९ असं धुतलं. सर्बियाने मात्र त्यांना चांगलंच रगडलं. पुढे फिलिपाइन्सला त्यांच्याच घरी हरवलं आणि शेवटी अंगोलावर १०१-७८. अंगोला म्हणजे आफ्रिकेतलं बास्केटबॉलचं जुनं खानदान. तिथे पॅरिसचं तिकीट पक्कं झालं, कारण आफ्रिकेतल्या सर्वात वरच्या संघाला थेट प्रवेश होता.

आता लंडनचा तो अमेरिकेविरुद्धचा सराव सामना, यंदाच्या २० जुलैचा. पहिल्या हाफमध्ये अमेरिका १६ गुणांनी मागे! मी दोनदा डोळे चोळून स्कोअर बघितला. शेवटच्या मिनिटालाही दक्षिण सुदान एका गुणाने पुढे होतं. मग लेब्रॉन बॉल घेऊन आत घुसला, अंगाने जागा केली आणि बॉल बोर्डावर ठेवला. आठ सेकंद उरले होते. त्या आठ सेकंदांत यांनी बॉल टाकला, पण तो आत गेला नाही. १०१-१००. सामना नुसता सरावाचा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. कार्लिक जोन्सने गुण, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि असिस्ट (बास्केट होईल असा पास) तिन्हींत दहाचा आकडा ओलांडला होता, तोही अशा संघापुढे!

आणि मग ऑलिंपिकचा पहिला सामना, फ्रान्समधल्या लीलचा, २८ जुलै. समोर तेच प्वेर्तो रिको. फुटबॉलचं प्रचंड स्टेडियम, छप्पर ओढून घेतलेलं. खेळाडू ओळीने उभे राहिले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. ते सुदानचं होतं. ज्या देशापासून वेगळं होण्यासाठी त्यांच्या आईबापांनी घरदार गमावलं, त्या देशाचं. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही, प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला तेव्हा कळलं. मी त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. कुणी ओळ सोडली नाही, कुणी हातवारे केले नाहीत. छातीवरचा हात छातीवरच. गाणं मध्येच थांबवलं. मग ती जीवघेणी शांतता, मिनिटं जाताहेत, आणि ते तसेच उभे. शेवटी त्यांचं स्वतःचं गीत लागलं आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवू लागलं. मी घरात एकटा होतो, तरी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग ते खेळले आणि ९०-७९ ने जिंकले. ऑलिंपिकमधला त्यांच्या देशाचा बास्केटबॉलचा पहिलाच सामना, पहिलाच विजय. जोन्सचे १९ गुण. तो सतरा वर्षांचा खमान मलुआच बघितलास का? सात फुटांच्या वर उंची, आणि बॉल हातात घेतल्याला त्याला पाचच वर्षं झालीत. तो मैदानात आला की मला मनूट बोलच आठवत होता.

अमेरिकेने दुसऱ्यांदा चूक केली नाही, १०३-८६. नुनी ओमोटने २४ गुण केले, तेवढाच दिलासा. आणि सर्बियाविरुद्ध ९६-८५. त्यांच्या योकिचपुढे कुणाचं काही चालत नाही, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पण हिशोब नीट बघ. तीन गटांतले पहिले दोन पुढे गेले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तिघांपैकी दोघं. ग्रीस, ब्राझील आणि दक्षिण सुदान, तिघांनी एकेकच सामना जिंकलेला. मग गुणफरक पाहिला. ब्राझील उणे सात, ग्रीस उणे आठ, दक्षिण सुदान उणे सतरा. म्हणजे तिन्ही सामन्यांत मिळून दहा गुण इकडचे तिकडे झाले असते, तर हा संघ उपांत्यपूर्व फेरीत असता. दहा गुण म्हणजे चार-पाच बास्केट रे! त्यातही त्यांच्या गटात अमेरिका आणि सर्बिया दोघंही. ब्राझील-ग्रीसबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते हक्काने गेले. पण "दोन हरले आणि घरी गेले" यात हे काहीच येत नाही.

आणि घरी म्हणजे कुठे, हेही मी सारखा विचार करतोय. ओमोटचं घर कुठलं? गॅब्रिएलचं? गेल्या वर्षी विश्वचषकानंतर संघ राजधानी जुबाला गेला तेव्हा रस्त्यांवर लोक लोटले होते. यंदाही लोटतील. ज्या पोरांनी ते शहर लहानपणी बघितलंही नसेल, त्यांना लोक आपलीच पोरं म्हणून हाका मारतील.

रविवारी मी तुझ्याकडे येतो. प्वेर्तो रिकोचा सामना आपण सोबत बघू आणि राष्ट्रगीताचा भाग पुढे ढकलायचा नाही, अगदी शांततेसकट बघायचा. कोर्टावर अजून रिंग शाबूत असतील तर बॉलही घेऊन येतो. तुझा गुडघा कसा आहे ते मात्र आधी कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र