मनू, शेवट मला विचारू नकोस

मनू,

तुझी गोष्ट वाचली, आणि शेवट बदलू का हा तुझा प्रश्नही. दुपारी कुकर लावून वाचायला बसले आणि किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही, भाताचा पार गिचका झाला, बाबा काही न बोलता ताकात कालवून जेवले. म्हणजे गोष्ट खिळवून ठेवते एवढं नक्की. व्हॉट्सअॅपवर एवढं टाईप करायला माझा अंगठा दुखतो म्हणून मेलच लिहितेय, लांबला तर सहन कर.

आधी जे आवडलं नाही ते सांगते, मग गोड बोलू. तो ममीचा शाप. अगं ते किती जुनं झालंय! तुला आठवतंय, तू दुसरीत असताना आपण बडोद्याला गेलो होतो, कमाटीबागेतल्या म्युझियममधे सयाजीराव महाराजांनी आणलेली ती ममी बघितलीस आणि रात्रभर मला झोपू दिलं नाहीस, आई ती उठून आली तर, आई ती उठून आली तर. ते वेड तिथनं लागलंय तुला हे मला माहितीये. पण आता तू सव्वीस वर्षांची आहेस ना.

शापाचं कसं झालं ऐक. तुतानखामन या इजिप्तच्या राजाची कबर हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर 1922 मधे सापडली, पैसे लावणारे लॉर्ड कार्नार्व्हन, ते एप्रिल 1923 मधे कैरोत गेले. डास चावला, दाढी करताना तिथेच कापलं, ते चिघळलं आणि रक्तात विष पसरलं, त्या काळात अँटिबायोटिक्स कुठली. झालं, पेपरवाल्यांना शाप मिळाला. आता गंमत बघ, स्वतः कार्टर 1939 पर्यंत जगला आणि लॉर्डसाहेबांची मुलगी, जी सुरुवातीलाच आत गेली होती, ती थेट 1980 पर्यंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या हर्बर्ट विनलॉक नावाच्या गृहस्थांनी तर 1934 मधे सरळ हिशोबच मांडला, कबर उघडताना हजर असलेल्या 26 जणांपैकी दहा वर्षांत गेले फक्त 6. आपल्या सोसायटीतसुद्धा दहा वर्षांत यापेक्षा जास्त लोक गेले असतील, आणि आपण फक्त गच्चीची टाकी उघडली होती.

हा विनलॉक लक्षात ठेव, परत येणारे.

आणि तुझी लाडकी रहस्यकथावाली अॅगाथा ख्रिस्ती, तिने शापावरची गोष्ट 1923 मधेच लिहून टाकली, म्हणजे बातमी गरम असताना. पण तिचा डिटेक्टिव्ह पॉयरो काही शापाला भीक घालत नाही, शापाला घाबरणाऱ्या लोकांचा फायदा कोण घेतंय तिकडे तो बघतो. तू शापच खरा करून टाकलास की गं! मग डिटेक्टिव्ह हवाच कशाला, मांत्रिक आण.

मी ख्रिस्ती वाचायला लागले ते लग्नाच्या आधी, लायब्ररीची फाटकी पुस्तकं, शेवटचं पान हमखास गायब. इजिप्तशी तिचं नातं मला फार मजेशीर वाटतं. विशी पण उलटली नव्हती तेव्हा आई तिला घेऊन कैरोला गेली होती, हॉटेलात तीन महिने मुक्काम, आईची इच्छा की पोरीने जुनी देवळं बघावी, नाईलवरून लक्झरला जाऊ, आणि ही म्हणते मला नाही यायचं, हिला रोज संध्याकाळच्या डान्सचं वेड. (हे वाचून मला वेरूळला कारमधून न उतरलेली एक मुलगी आठवली, नाव घेत नाही.) परत आल्यावर कैरोवर कादंबरी लिहिली, ती कुणी छापली नाही. कधीच नाही. तुझी एक कथा साभार परत आली तर दोन दिवस जेवली नव्हतीस, म्हणून सांगितलं.

पुढे नवरा सोडून जायला निघाला, आई त्याच वर्षी गेलेली, आणि 3 डिसेंबर 1926 च्या रात्री ती घरातून निघाली ती गायबच. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली, ही नाही. पोलीस, हजारो लोक शोधतायत, शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलनी तर तिचा हातमोजा एका अंगात येणाऱ्या माणसाकडे नेऊन दिला. अकरा दिवसांनी हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली, आणि रजिस्टरमधे आडनाव लिहिलेलं ते नवऱ्याच्या मैत्रिणीचं! का, कसं, स्मृती गेली होती की आणखी काही, आत्मचरित्रात एक ओळ नाही. दुसऱ्यांची सगळी गुपितं शेवटच्या प्रकरणात उघडी करणारी बाई स्वतःचं तेवढं घेऊन गेली. मला विचारशील तर बरं केलं. सगळ्यांना सगळं कशाला कळायला हवं.

नंतर तिने पुरातत्त्ववाल्याशी लग्न केलं, 1930 मधे, त्याच्याबरोबर इराक सीरियात खणायला जायची, हस्तिदंताच्या तुकड्यांवरची माती आपल्या चेहऱ्याच्या क्रीमने साफ करायची. नाईलच्या बोटीवरचं ते पुस्तक 1937 चं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याबद्दल, डेथ कम्स अॅज द एंड. ते वाच. चार हजार वर्षांपूर्वीचं इजिप्त, एकही इंग्रज नाही, पोलीस नाहीत, राजा राणी खजिना काही नाही, फक्त एक घर. बाप गावाहून येतो तो तरुण बाई घेऊन येतो, आणि मुलं, सुना, म्हातारी आजी, लावालाव्या करणारी ती घरातली जुनी बाई, सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं. पुढचं सांगत नाही.

हे घर तिला कुठे मिळालं माहितीये? विनलॉक! 1921-22 च्या सीझनमधे लक्झरजवळ देर अल बहारीला दुसऱ्याच कुणाच्या तरी लहानशा कबरीत त्याला पपायरसचे कागद सापडले. सोनं नाही, मंत्र नाहीत. हेकानख्त नावाच्या एका माणसाची पत्रं आणि हिशोब. एका मोठ्या मेलेल्या वजिराच्या कबरीची पूजाअर्चा बघणारा, थोडी शेती असलेला, घरापासून लांब असलेला बाप. आणि पत्रात काय, तर कुठली जमीन खंडाने घ्यायची, कुणाला महिन्याला किती धान्य मोजून द्यायचं, माणशी यादी. मेरिसू म्हणून घरचा कारभार बघणारा आहे, बहुतेक थोरला मुलगा, त्याला नुसता झापलाय. की तुम्ही तिकडे नवा चांगला जव खाताय आणि मला जुना वाळकुंडा पाठवता काय! इथे लोक माणसं खायला लागलेत, तुम्हाला मिळतंय तेवढं कुठे मिळत नाही, गप खा. (माणसं वगैरे कुणी खात नसणार, पण बाप लोकांना वाढवून सांगायची सवय तेव्हापासूनची.)

आणि धाकटा? स्नेफ्रू. त्याला मात्र काही बोलायचं नाही, त्याला हवं ते द्या, गुरं राखायची म्हणाला तर राखू दे. मग ती नवी बाई, बायको म्हणा नाहीतर ठेवलेली म्हणा, त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तिला घरचे नीट वागवत नाहीत म्हणून बापाचा संताप संताप झालाय, सेनेन नावाच्या मोलकरणीला आजच्या आज घराबाहेर काढा म्हणतो. आईला मात्र हजारो वेळा नमस्कार. आणि वरच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र आहे ना, त्यात हाच माणूस लोण्यासारखा मऊ.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी हसले, कारण आपल्याकडे तो डबा आहे ना, बिस्किटांचा, आजोबांच्या पत्रांचा. आजोबा मुंबईला गिरणीत, गावी थोरले भाऊ, आणि अंतर्देशीय पत्रात वर 'पत्रास कारण की' आणि खाली अर्धा कागद ज्वारी. एकात सरळ लिहिलंय, 'नवी ज्वारी आपण खाता आणि मजला सोंडे लागलेली पाठविता, हे शोभते काय?' मनू, शपथ, तेच वाक्य! चार हजार वर्षं मधे गेली आणि धान्यात फरक, बाकी काही नाही. आजीचं नाव मात्र एकाही पत्रात नाही, 'घरातील मंडळींस आशीर्वाद' यातच ती आली. त्या इजिप्तच्या नव्या बाईचं पण तसंच बघ, तिच्यावरून एवढं रामायण, तिचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. ख्रिस्तीने बरोब्बर तिथेच बोट ठेवलं, की या बाईचं पुढे काय झालं असेल? कुणालाच माहीत नाही, कळायला मार्गही नाही. ती पत्रं त्या परक्या माणसाच्या कबरीत कशी आली तेही खात्रीने कुणी सांगू शकत नाही, एक तर घडी घातलेलं, शिक्का मारलेलं, तसंच राहिलेलं. त्यात कुणाकडून तरी उधारीचं धान्य वसूल करायला सांगितलंय. पोचलंच नाही. मला तुझ्या ममीपेक्षा या न पोचलेल्या पत्राची भीती जास्त वाटते गं, घरी काय झालं असेल त्या वर्षी.

आता तुझ्या मेन प्रश्नाकडे येते, शेवट बदलू का. हे पुस्तक लिही म्हणून ख्रिस्तीच्या मागे लागला तो स्टीफन ग्लॅनव्हिल, इजिप्तचा अभ्यासक, नवऱ्याचा मित्र. तिने त्या बिचाऱ्याला पिडलं, लोक काय खायचे, बायका पुरुष एकत्र जेवायचे का, झोपायचे कुठे. एवढी मदत केली त्याने, आणि मग म्हणाला शेवट असा नको, तसा कर. आणि बाईने ऐकलं! असं ती कुणाचं ऐकत नसे. नंतर आत्मचरित्रात लिहिलंय की ऐकायला नको होतं, माझाच शेवट बरा होता. तो आधीचा शेवट वाचायची माझी फार इच्छा आहे, पण आता कुठला मिळायला. म्हणून मी तुला काही सांगणार नाही. शाप काढ म्हटलं तेवढं म्हटलं, ते पण पटलं तर.

एक मात्र ऐकच. त्या गोष्टीतल्या चोरट्या मोलकरणीला तू आपल्या बाईंचं नाव दिलंयस, ते आधी बदल, त्यांची मुलगी सगळं ऑनलाईन वाचते आणि मला भांडी घासायची सवय राहिली नाही.

आजोबांचं ते सोंड्यांचं पत्र फोटो काढून पाठवते, अक्षर लागलं नाही तर फोन कर, व्हिडिओ कॉल नको, आज केसांना मेंदी आहे. डिंकाचे लाडू काल कुरिअरला दिलेत, यावेळी डिंक ताजा आहे, तक्रार नको.

आई