अॅप बनवलं, आता सांभाळा पण!

संपादक महोदय,

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो अन् नोंद सातबाऱ्यावर चढते, ही खरंच मोठी गोष्ट आहे. माझे वडील कपाशीत उभे राहून, उन्हात स्क्रीनवर हाताची सावली धरून फोटो काढतात तेव्हा अभिमान वाटतो.

पण एका दुसऱ्या सरकारी पोर्टलवर मी तीन दिवस ओटीपीची वाट बघितली, हेल्पलाइनवाला म्हणे कंपनीचं कंत्राट संपलंय, आता आम्हालाच काही कळत नाही! असं का व्हावं? खात्यात कायमचे, पगारी प्रोग्रामर ठेवा, देखभालीला दरवर्षी वेगळा पैसा ठेवा आणि त्या मुलांना खरिपात एकदा तरी बांधावर पाठवा.

– एक वाचक, यवतमाळ