माशांनाही टी पेशी असतात

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरगुती मत्स्यटाक्यांविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेल्या लेखात, मासे हे प्राथमिक अवस्थेतील प्राणी असून त्यांना रोगाशी लढण्याची स्वतःची अशी यंत्रणा जवळजवळ नसते, असे एक विधान होते. बाकीचा लेख उपयुक्त आहे, पण हे विधान चुकीचे आहे आणि त्याचे परिणाम घराघरांत दिसतात, म्हणून हे पत्र. मी ठाण्यात ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे.

मासळी बाजारात कोळीणबाई माशाच्या कल्ल्यावरचे झाकण बोटाने उचलून आतला लालभडक रंग दाखवते, तेव्हा आपण फक्त ताजेपणा पाहतो. त्याच पोकळीत, वरच्या मागच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना थायमस ग्रंथी असते. कोवळ्या माशात ती चांगली वाढलेली असते आणि पाण्यापासून तिला वेगळे करणारा पडदा अगदी पातळ असतो. टी पेशी म्हणजे नेमका जंतू ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी; त्या या ग्रंथीत तयार होतात आणि त्यांच्या नावातला 'टी' याच थायमसचा. मासा साफ करताना कण्याखालची काळपट लाल पट्टी खरवडून फेकली जाते, ते त्याचे मूत्रपिंड. त्याचा डोक्याकडचा भाग रक्तपेशी घडवतो. जे काम आपल्या शरीरात अस्थिमज्जा करते, ते माशात इथे होते. आपल्यासारख्या लसिकाग्रंथी माशाला नसतात, एवढ्यावरून त्याला प्रतिकारशक्तीच नाही असे ठरवणे म्हणजे घरात देव्हारा दिसला नाही म्हणून त्या घरात देवाचे कोणी करतच नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

टी पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो. तो दोन साखळ्यांचा बनतो: एक तर अल्फा आणि बीटा, नाही तर गॅमा आणि डेल्टा. या चारही साखळ्या अस्थियुक्त माशांत आहेत. साखळीचे जनुक वारसाने आयते मिळत नाही. त्याचे तुकडे प्रत्येक पेशी वाढीच्या काळात स्वतः निवडते, कापते आणि जोडते, आणि जोडाच्या ठिकाणी डीएनएची काही अक्षरे नव्याने घातली जातात. त्यामुळे एकाच माशाच्या अंगात असंख्य वेगवेगळे ग्राही तयार होतात, आणि आजवर कधीही न भेटलेल्या जंतूचा तुकडा ओळखणारी पेशी त्यांत आधीपासून हजर असू शकते. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी थायमसमध्ये बाद होतात. हीच पद्धत शार्कमध्ये आहे, जिताड्यात आहे आणि आपल्यातही आहे. जबडा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांनी ती ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी मिळवली.

ट्राउट माशातील बीटा साखळीच्या जनुकाचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे विषाणूची बाधा झालेल्या ट्राउटच्या प्लीहेत ठरावीक ग्राही असलेल्या टी पेशींची संख्या वाढलेली दिसली, आणि एकाच वाणाच्या वेगवेगळ्या माशांत तोच ग्राही पुन्हापुन्हा सापडला. नेमका शत्रू ओळखून नेमकी फौज वाढवणे याला प्राथमिक अवस्था म्हणता येईल का? अटलांटिक कॉड माशाचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात प्रतिकारशक्तीचा एक मोठा भाग, एमएचसी वर्ग २ (जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणारे प्रथिन) आणि सीडी ४ (ते ओळखायला टी पेशींना मदत करणारे प्रथिन), गायबच असल्याचे आढळले. तरीही हा मासा समुद्रात नीट जगतो, बहुधा त्याच्यात त्याच कुळातल्या एमएचसी वर्ग १ ची जनुके खूप वाढलेली आहेत म्हणून.

आता परिणामांविषयी. माझ्या नातवाच्या टाकीतील सोनमाशांच्या पंखांवर पांढरे ठिपके आले, तेव्हा एका दुकानदाराने ठिपके न पाहताच प्रतिजैविकाची पिवळी पूड दिली आणि माशाला कुठली आली प्रतिकारशक्ती, हे टाकत राहा, असे सांगितले. पांढरे ठिपके बहुधा एका परजीवीमुळे येतात, त्यावर प्रतिजैविक काम करत नाही. चार दिवस पाणी पिवळे राहिले, मासे तसेच मलूल होते. ते पाणी मोरीत ओतले, आणि मोरी शेवटी कुठे जाते हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. ज्या खाडीत बोई आणि निवटी जगतात, तिथे आपण औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसायचे का?

माशाच्या टी पेशी पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतात. पाणी एकदम गार झाले की त्यांचे काम मंदावते. प्राणवायू कमी पडला की ताणामुळे वाढणारे कॉर्टिसॉल त्यांना दाबून टाकते. म्हणून पाणी थोडे थोडे बदलणे, गर्दी कमी ठेवणे, नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवणे, हे सर्वांत आधीचे उपचार आहेत. माशांना लसही देता येते, कारण त्यांना पूर्वीची बाधा लक्षात राहते. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास सामन-शेतीसाठी वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली जात. पोटात टोचायच्या लसी आल्यावर, उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही, हा वापर एक टनाच्या आसपास आला.

आपल्या विज्ञान सदरात या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि टाकीत औषध टाकण्याआधी मत्स्यरोगतज्ज्ञाचा किंवा पशुवैद्याचा सल्ला घ्यावा ही सूचना त्याच लेखाच्या जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, ठाणे (पूर्व)