मागच्या चाकाचे हब आतून कोरडे निघाले, त्याबाबत तक्रार

दि. ०६/१०/२०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव-पत्ता पाकिटावर आहे)

विषय : मुलीच्या सायकलचे मागचे हब (चाकाच्या मधला, तारा जोडलेला भाग) दोन महिन्यांत खराब झाल्याबाबत आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी, १८ जूनला, मी तालुक्याच्या दुकानातून तुमची लेडीज सायकल ६,८०० रुपयांना घेतली. मुलगी नववीत आहे. शाळा सात किलोमीटरवर, त्यातली दोन किलोमीटर पांदण. पोळ्यापर्यंत सायकल फार तर साडेसहाशे किलोमीटर चालली असेल, तेवढ्यात मागच्या चाकातून कर्रकर्र सुरू झाली.

दुकानदाराने सायकल न उघडताच सांगितले, फ्रीव्हील (चेन फिरते ते मागचे दातेरी चाक) गेले. नवीन बसवले, पैसे माझ्याकडून घेतले. आवाज होता तसाच. घरी आणून सायकल उलटी केली आणि रिम धरून चाक आडवे हलवले, तर टकटक लागत होते. म्हणजे दोष हबात होता, फ्रीव्हीलचा काही संबंध नव्हता. ते पैसे गेले ते गेलेच.

तुमचे अधिकृत सेंटर यवतमाळला. मुलीची शाळा बुडवून सायकल तिकडे आठ दिवस ठेवणे शक्य नव्हते, म्हणून हब मीच उघडले. हे मी लपवत नाही. माझे वडील गावात पंक्चर काढायचे, कोन (एक्सलवर आट्यांनी बसणारा, छर्‍यांना दाबून धरणारा नट) आणि छर्रे (लोखंडी गोळ्या) मी लहानपणापासून हाताळतो. परातीत जुने धोतर अंथरून चाक आडवे ठेवले, डाव्या बाजूचा लॉकनट आणि कोन काढला आणि एक्सल फ्रीव्हीलच्या बाजूने हळूच ओढला. एकही छर्रा परातीबाहेर गेला नाही.

आत ग्रीस नव्हते. कमी होते असे नाही, नव्हतेच. छर्रे बसतात त्या डाव्या वाटीच्या कडेला पिवळट चिकट बोटभर काही होते, तेवढेच. फ्रीव्हीलकडच्या बाजूला वाटीतून चहाच्या भुकटीसारखा गंज निघाला. रॉकेलमध्ये धुतल्यावर कोन उजेडात धरला, तर छर्रे फिरतात त्या पट्ट्यावर देवी आल्यासारखे खड्डे. डावीकडे नऊ छर्रे निघाले, उजवीकडे आठ. दोन्हीकडे नऊ-नऊ असायला पाहिजेत. एक छर्रा कमी असल्याने एवढे नुकसान होत नाही, हे मलाही कळते. पण ज्या हाताने आठ टाकले त्याच हाताने ग्रीस लावायचे राहिले, असे माझे मत आहे.

नंतर चाक पिशवीत घालून एसटीने यवतमाळला नेले. तिथल्या माणसाने फोटो काढून तुम्हाला पाठवला आणि अर्ध्या तासात तुमचे उत्तर आले : अनधिकृत व्यक्तीने हब उघडले, पाणी शिरले, वॉरंटी लागू नाही. पाणी शिरले असेल. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीतून बैलबंडीसुद्धा निघत नाही, चाकाला चिखल लागणारच. पण ग्रीस पाणी अडवायलाही असते ना? ते भरलेलेच नसेल तर दोष पांदणीचा कसा?

वडिलांची जुनी काळी सायकल अजून घरी आहे. तिच्या मागच्या हबाला मधोमध तेलाचे भोक आणि त्यावर पत्र्याची क्लिप. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की वडील त्या भोकात तेलाचे चार थेंब सोडायचे. तेवढ्यावर ती वर्षानुवर्षे वावरात गेली-आली. तुमच्या हबाला भोक नाही. नसू द्या, पण मग आत काय भरले याची जबाबदारी पूर्ण तुमची होते.

आता खरी अडचण सांगतो. मी नवीन छर्रे, दोन सुताचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अठरा आणले. ग्रीस भरले. कोन बोटांनी घट्ट होईपर्यंत कसून थोडा मागे सोडला आणि लॉकनट आवळला. चाक फिरते. पण कोनाला खड्डे आहेत, म्हणून किती सैल-घट्ट केला तरी एका जागी अडते. दुसरा कोन आणायला आर्णीला गेलो. तिथे सगळे कोन तीन सुताच्या, म्हणजे साधारण साडेनऊ मिलीमीटरच्या एक्सलचे, जुन्या सायकलींचे. तुमचा एक्सल १० मिलीमीटरचा, त्यामुळे कोन तोंडावरच अडला. ही माहिती तुमच्या पुस्तिकेत कुठेच नाही. मराठीत तर पानच नाही. हिंदीत आहे ते एवढेच की डीलरला भेटा.

माझी मागणी अशी : छर्रे, दोन्ही कोन आणि एक्सल बसवलेले नवीन मागचे हब बदलून द्यावे. चाक पुन्हा तारा बांधून घ्यायचा खर्च कंपनीने करावा, कारण हब बदलायचे तर आमच्या गावात तारा बांधणारा उरला नाही. नाही तर सरळ पूर्ण मागचे चाक पाठवा, मला चालेल. शिवाय एक्सल, कोन आणि छर्‍यांचे माप पुस्तिकेत मराठीत छापावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. सायकल तेवढ्याची नाही, हे आपणास माहीत आहेच.

कळावे,
आपला ग्राहक
(ता. आर्णी, जि. यवतमाळ)

सोबत : पावतीची झेरॉक्स, वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, खड्डे पडलेल्या कोनाचे दोन फोटो, आणि कागदी पुडीत जुने छर्रे १७ (मोजून घ्यावेत).